पाठीशी घर बांधून उत्तरेस

घर सोडून जाणे म्हणजे प्रवास, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. शिदोरी बांधावी, वळकटी आवळावी, देवापुढे नारळ ठेवावा आणि घराकडे पाठ फिरवावी. घरच पाठीशी बांधून निघण्याची रीत पाश्चात्त्यांची. तिकडे मोटारीमागे चाकांची खोली जोडून कुटुंबेच्या कुटुंबे महिनामहिना हिंडत असतात. आपल्याकडे असे वाहन अद्याप विरळा. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले खरे. परंतु रस्त्याने जी काही अशी वाहने दिसतात, ती बहुधा एकसंध आणि भाड्याची. मोटारीमागे ओढावयाची, स्वतंत्र नोंदणीची आणि स्वतंत्र क्रमांकाची ट्रेलरवजा खोली घेऊन ऐन पौषात बदलापुराहून प्रयागास जाण्याचा जो घाट आमच्या घरी घातला गेला, त्याचे कारण मात्र हौस नव्हे. ते कारण जरा संकोचाचे आहे. तथापि ज्या घरांतून हे मासिक वाचले जाते, त्या घरांतील स्त्रियांस ते नवीन वाटेल असे नाही.

आमच्या सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे दोन्ही गेलेले, बाकी प्रकृती ठणठणीत. त्रिवेणीस्नानाची इच्छा त्यांस आज तीस वर्षे होती. परंतु नाशिकच्या पलीकडचा मुलूख त्यांनी पाहिलेला नव्हता. पैशाची अडचण नव्हती, मुलांची ना नव्हती. अडचण होती ती देहधर्माची. वाटेतल्या हॉटेलांतील आणि पेट्रोलपंपांवरील शौचकूप त्यांस पाहवत नसत; शिवाय खाली बसणे अशक्य. सबब, कोठे जावयाचे ठरले की आदल्या सायंकाळपासून त्या पाणी तोडीत. पुण्यास जातानासुद्धा हाच नेम. एकदा उन्हाळ्यात अशा उपासाने त्यांस घेरी आली, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, 'आजी, पाणी का पीत नाही?' आजी काय सांगणार? आणि डॉक्टरही पुरुष. आपल्या आया, आत्या, मावश्या अशा किती प्रवासांतून कोरड्या घशाने जाऊन आल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेविलेला नाही.

धाकटे दीर अंबरनाथच्या एका कारखान्यात इंजिनियर. त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थाकडे ही ट्रेलर पडून होती. तिच्यात दोन बाके, ती जोडली की पलंग होई, आणि शेपटाकडे कपाटाएवढी एक खोली, तीत खुर्चीसारखे बसण्याचे शौचपात्र. तीच पाहून माझ्या मनाने घेतले. सासूबाईंस दाखविली, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न सोवळ्याचा होता. 'अगं, स्वयंपाक आणि ते, एकाच छपराखाली? सहा हातांवर?' प्रश्न योग्यच होता. सुदैवाने त्या गाडीत चूल आत नसून बाहेर होती. बगलेची फळी खाली पाडली की तिच्यावर शेगडी बसे आणि वर ताडपत्रीचा आडोसा ओढता येई. स्वयंपाक उघड्यावर, निजणे आत. सासूबाईंनी क्षणभर विचार करून सांगितले, 'प्रवासात आचार शिथिल असतो. चालेल.' त्यांचे 'चालेल' हे शब्द आमच्या घरी सरकारी मोहरेइतके पक्के असतात.

तयारीस दोन महिने लागले. आमच्या बदलापूरची थंडी मुंबईच्या आसमंतात नावाजलेली; पारा बारा अंशांवर आला की वर्तमानपत्रात गावाचे नाव छापून येते आणि आम्ही अभिमानाने स्वेटर काढतो. उत्तरेपुढे ती थंडी म्हणजे पोरखेळ. सबब गाद्या, पडदे आणि जाड रजया यांसाठी उल्हासनगरास तीन खेपा झाल्या. गजानन मार्केटात पडद्याचे जाड कापड मिळाले. गाद्यांच्या दुकानात गल्ल्यापाशी दुकानदाराच्या वृद्ध मातोश्री बसल्या होत्या. कशासाठी हे सारे, म्हणून त्यांनी विचारले, मी सांगितले. त्या लहानपणी १९४७ साली कराचीहून आगबोटीने मुंबईस आल्या आणि तेथून या गावी. तेव्हा गावास नावही नव्हते. लढाईत बांधलेल्या लष्करी छावणीच्या बराकी होत्या, आणि उल्हासनगर हे नाव १९४९ साली मिळाले. बाई म्हणाल्या, 'बोट में अम्मा ने पानी नहीं पिया. समझी ना?' मी समजले. त्यांनी गादीचा फोम आणखी एक बोट जाड घालावयास सांगितले आणि जास्तीचे पैसे घेऊ दिले नाहीत.

आता या विद्येतील मर्माची गोष्ट सांगते. मोटारीमागे घर ओढणे हे बळाचे काम नसून तोलाचे आहे. ट्रेलर म्हणजे तराजूची दांडी. चाके हा तिचा काटा. तिच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा भाग पुढे, मोटारीच्या आकड्यावर पडला पाहिजे. तो कमी झाला आणि भार शेपटाकडे गेला, की वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवी डोलू लागते आणि पुढच्या मोटारीसही डोलविते. अशा वेळी घाबरून ब्रेक दाबणे घातक. पाय ॲक्सिलरेटरवरून हळूच उचलून, चाक सरळ धरून, डोलणे आपोआप शमू द्यावयाचे असते.

अंबरनाथला औद्योगिक वसाहतीतल्या वजनकाट्यावर आम्ही भरलेली ट्रेलर नेली. मर्यादा हजार किलोची. काटा भरला एक हजार सत्तर. पुढे दांडीखाली घरचा माणसे तोलण्याचा काटा ठेवून पाहिले, तर आकड्यावर अवघे साठ. म्हणजे भार जास्त, आणि तोही मागे. दिरांनी वही काढली. त्यांचे म्हणणे असे, की शेपटाकडची खोलीच सारा तोल बिघडविते. पात्र, टाकी, तिचे पाणी आणि औषध मिळून पस्तीस किलो, आणि तेही चाकांपासून अगदी लांब. 'वहिनी, तेवढे काढले तर दोन्ही गणिते सुटत आली. वाटेत ढाबे आहेतच की.' गणित त्यांचे चुकले नव्हते. यजमानांनीही मान डोलाविली. मी म्हणाले, 'भावजी, ते काढावयाचे असेल तर ट्रेलरच येथे सोडू या. आपण नुसत्या मोटारीने जाऊ, आणि सासूबाई घरी राहतील.'

बराच वेळ कोणी बोलेना. काट्यावरचा माणूस पुढच्या ट्रकास ओरडून बोलावू लागला. तेव्हा मोटारीत बसलेल्या सासूबाईंनी काच खाली केली आणि म्हणाल्या, 'माझी सहाण काढा. आणि ती लोणच्याची बरणी.' मग एकेक वस्तू उतरू लागली: लोखंडी घडीचे टेबल, यजमानांचे वीज करण्याचे यंत्र, पितळेचे घंगाळ, दिरांची पुस्तकांची पेटी. पिण्याच्या पाण्याची टाकी शंभर लिटरांची, म्हणजे भरली असता शंभर किलो. ती चौथाईच भरावी आणि मुक्कामास पोचल्यावर हवे ते पाणी घ्यावे असे ठरले. गॅसचे सिलिंडर, बॅटरी आणि धान्याचे डबे पुढे सरकविले. सायंकाळी काटा भरला नऊशे सत्तर, आणि आकड्यावर पंचाण्णव. शेपटाकडची खोली होती तेथेच राहिली.

परत येताना शिवमंदिरात दर्शन घेतले. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले हे शिलाहारांचे देऊळ. त्याचा गाभारा वीसएक पायऱ्या खाली. सासूबाईंनी वरूनच हात जोडले.

बदलापूर ते प्रयाग हे अंतर आम्ही धरलेल्या वाटेने दीड हजार किलोमीटरांच्या आसपास: कसारा घाट, नाशिक, धुळे, इंदूर, गुना, शिवपुरी, झाशी, कानपूर. दिवसास अडीचशेपलीकडे जावयाचे नाही आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्काम, असे दोन नियम होते. चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसावयाचे नाही, हा तिसरा. कसाऱ्याच्या घाटात आगगाड्यांस मागून इंजिने लावून ढकलतात. आम्हांस ढकलणारे कोणी नव्हते. दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रकांच्या रांगेत, मुंगीच्या पावलांनी चढलो. इगतपुरीस पोचल्यावर सासूबाई मागच्या खोलीत जाऊन आल्या, बाकावर बसल्या आणि भांडेभर पाणी प्याल्या. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिले.

झाशीचा रस्ता लागला, तेव्हा गोडसे भटजींची आठवण होणे अपरिहार्य होते. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर दक्षिणेच्या आशेने पायी उत्तरेस निघाले, बंडाळीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. आणि तरीही गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. त्यांचा तो 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध केला, तो आमच्या शेजारच्या कल्याणच्या चिंतामणराव वैद्यांनी. भटजींजवळचे घर म्हणजे एक पडशी. पण त्या पुस्तकातही प्रवासी पुरुषच आहेत, हे यावेळी प्रथमच माझ्या ध्यानी आले.

थंडीने पहिला प्रताप दाखविला तो खोबरेल तेलावर. चोवीस अंशांखाली ते गोठू लागतेच. गुन्यास बाटली दगड झाली. शिवपुरीस पहाटे शेगडीची ज्योत मंदावली. घरगुती गॅसात ब्यूटेनचा अंश मोठा, आणि पारा शून्याकडे उतरू लागला की ब्यूटेन वायुरूप होण्यास कुरकुरतो. सिलिंडराभोवती कोमट पाण्यात पिळलेले फडके गुंडाळले, तेव्हा चहा झाला. रात्री चौघांच्या श्वासाने भिंतींवर पाणी धरे आणि छतावरून ठिपके पडत. म्हणून वरचे झरोके उघडेच ठेवावे लागत. सासूबाईंस ते मान्य होईना. 'बाहेरची थंडी आत घेण्यासाठी का एवढे पडदे शिवले?' त्यांस कोळशाची शेगडी आत हवी होती. येथे मात्र दिरांनी ऐकले नाही, आणि माझा कौल त्यांच्याकडे होता. बंद खोलीत जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यास वास नाही, रंग नाही, निजलेला माणूस उठत नाही. उत्तरेत दर हिवाळ्यात अशी कुटुंबे दगावल्याच्या बातम्या येतात. सासूबाईंस गरम पाण्याच्या दोन पिशव्या दिल्या, एक पायाशी, एक पोटाशी. त्यांनी त्या घेतल्या, पण आमच्याशी त्या रात्री बोलल्या नाहीत.

खरा प्रसंग उरईस आला. आपल्या पंचांगाची पौष अमावस्या तीच उत्तरेकडची माघी, कारण तिकडे महिना पौर्णिमेस संपतो. तिला मौनी अमावस्या म्हणतात, आणि प्रयागच्या माघमेळ्यातील ते सर्वांत मोठे पर्व. ते गाठण्यासाठी सारा हिशेब बांधलेला. इंदुरास एका चाकाचे बेअरिंग तापले, ते बदलण्यात एक दिवस गेला. अमावस्येच्या आदल्या रात्री आम्ही उरईजवळ एका पेट्रोलपंपाच्या आवारात. पुढे प्रयाग तीनशे किलोमीटर. पहाटे चारला निघालो तर दुपारपर्यंत पोचता येईल, असे यजमानांचे म्हणणे.

चारला दार उघडले तो बाहेर जग नव्हते. त्या सपाट प्रदेशात वारा पडलेला, आभाळ निरभ्र, शेते पाण्याने भिजलेली. रात्री जमीन निवते आणि तिच्या अंगालगतची ओलसर हवा जागच्या जागी धुके होऊन बसते. मोटारीच्या नाकापाशी उभे राहिले असता ट्रेलरचे शेपूट दिसेना. सडकेवरून एखादा ट्रक गेला की आवाज येई, दिवा दिसत नसे. यजमान म्हणाले, 'सावकाश जाऊ. वीसच्या वेगाने.' दिरांचे मत, की आपण सावकाश जाऊ, पण मागून येणारा सावकाश येईल याची हमी कोणाची? आणि आमचे शेपूट मोटारीच्या दुप्पट लांब. यजमानांचा आवाज चढला. आईची तीस वर्षांची इच्छा, उद्याचा दिवस पुन्हा यावयाचा नाही, इत्यादी. ते सारे खरेच होते.

सासूबाई पलंगावर उठून बसल्या होत्या. 'अरे, मौनी अमावस्याच ना? मग मौन येथेच धरू,' त्या म्हणाल्या. 'मला बादलीभर ऊन पाणी द्या.' ते त्यांचे त्या दिवशीचे शेवटचे शब्द. मागच्या खोलीत बसून त्यांनी स्नान केले, आणि सूर्यास्तापर्यंत तोंडातून अक्षर काढले नाही. यजमान येरझारा घालीत राहिले. अकराच्या सुमारास धुके विरले. पुढे काही अपघात झाला होता असे नाही. रस्ता साफ मोकळा होता. कानपुरापर्यंत यजमानांनी 'पोचलो असतो' हे वाक्य चारदा म्हटले, आणि त्यास उत्तर देणारी आई मौनात. काल्पीच्या पुलावरून यमुना दिसली तेव्हा त्यांनी हात जोडले, एवढेच.

दुसऱ्या दिवशी माघ शुद्ध प्रतिपदेस प्रयाग. पर्वाच्या दिवसांत वाहने दूरच अडवितात, म्हणून ट्रेलर गावाबाहेर ठेवली आणि रिक्षाने घाट गाठला. नावेतून संगमावर गेलो. तेथे बांधलेल्या फळ्यांवर दोघा नावाड्यांनी सासूबाईंस धरून पाण्यात उतरविले. गर्दी ओसरली होती. त्यांनी तीन बुड्या घेतल्या, चौथी आमच्या सासऱ्यांच्या नावाने घेतली, आणि वर आल्यावर प्रथम चहा मागितला.

परतताना गंगाजलाचे तीन डबे, साठ किलो. ते कोठे ठेवावे याविषयी यावेळी वाद झाला नाही. दोन पुढे गॅसजवळ, एक मोटारीत. इंदुराहून खाली येताना मानपूरच्या पुढचा उतार ट्रकांच्या ब्रेकांस खाणारा म्हणून कुप्रसिद्ध. तेथे माथ्यावरच थांबून, चाकांस हात लावून पाहून, दुसऱ्याच गिअरमध्ये उतरलो. पाठीमागून हॉर्न वाजत होते; वाजू दिले.

बदलापुरास गंगापूजन झाले. शेजारपाजारच्या वृद्ध बाया गंगेसाठी आल्या, तांब्या भरून घेतला, आणि जाताना एकेक जण अंगणात उभ्या असलेल्या ट्रेलरपाशी रेंगाळली. सासूबाई काठी टेकीत त्यांस शेपटाकडे नेत, दार उघडीत आणि हलक्या आवाजात समजावून देत. पुढच्या आठवड्यात पलीकडच्या आळीतल्या काकूंचा नातू दिरांकडे येऊन बसला; आजीला गाणगापुरास न्यावयाचे आहे, तर ट्रेलरचे भाडे काय पडेल, म्हणून विचारीत होता.