वाळवंटाच्या काठावर दोन रात्री

आखाती देशांत नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांच्या बोलण्यात 'कॅम्प' हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. हा कॅम्प म्हणजे कामगारांची वसाहत. एका खोलीत सहा-आठ जणांच्या एकावर एक खाटा, सामाईक स्वयंपाकघर, पहाटे दाराशी येणारी कंपनीची बस आणि संध्याकाळी त्याच बसने परत. गावाकडे फोनवर "कॅम्पवर पोहोचलो" असे सांगितले की घरची माणसे निश्चिंत होतात. ओमान देशात मात्र याच शब्दाचा दुसराही अर्थ आहे. सुट्टी आली की तिथली कुटुंबे गाडीत तंबू, चटया, पाणी आणि कोळसा टाकतात आणि वाळवंटात किंवा समुद्रकाठी मुक्कामाला जातात. त्यालाही कॅम्पच म्हणतात. पहिल्या कॅम्पात आमची वर्षेच्या वर्षे गेली होती. दुसरा कॅम्प कसा असतो, हे पाहण्याचा योग गेल्या हिवाळ्यात आला.

आम्ही आठ जण. आमचे स्वतःचे काम मस्कतमध्ये एका बांधकाम कंपनीच्या हिशेब खात्यात कारकुनी करण्याचे. बाकीच्या सात जणांत दोन ड्रायव्हर, दोन वायरमन, एक सुतार, एक स्टोअरकीपर आणि नांदेडकडचा एक एसी मेकॅनिक. हा मेकॅनिक अकरा वर्षे ओमानमध्ये आहे. विमानतळ, कॅम्प, साइट आणि शुक्रवारी रुवीचा बाजार, एवढेच त्याचे ओमान. त्याच्या मुलीने एकदा फोनवर विचारले, "बाबा, तुमचे ओमान कसे आहे?" त्याला सांगता येईना. इमारतीच्या गच्चीवरून दिसते तेवढेच त्याने पाहिलेले. ही गोष्ट त्याने आम्हाला सांगितली आणि सहलीचा विषय तिथूनच निघाला.

पहिली अडचण पैशाची नव्हती, मनाची होती. परदेशात राहणाऱ्या माणसाने स्वतःवर खर्च करणे म्हणजे घरच्यांच्या तोंडचा घास काढणे, अशी समजूत आपल्या कष्टकरी माणसांत खोल रुजलेली आहे. एक जण तर म्हणाला, "बायकोला कळले तर काय वाटेल?" तेव्हा कागदावर हिशेब मांडला. एक जीपगाडी ड्रायव्हर मित्राच्या ओळखीने मिळाली, दुसरी भाड्याची. तीन दिवसांचे भाडे ९० रियाल, येऊन जाऊन सुमारे आठशे किलोमीटरचे दोन्ही गाड्यांचे पेट्रोल ४६ रियाल, खाणेपिणे ४० रियाल. एकूण १७६, माणशी २२ रियाल. रुपयांत सांगायचे तर पाच हजारांच्या आतबाहेर. तीन वर्षांतून एकदा एवढा खर्च केला तर घर बुडत नाही, हे सर्वांना पटले. तंबू दोन मागून आणले, चटया आणि पांघरुणे कॅम्पातली होती.

सरकारी सुट्टी शुक्रवार-शनिवारला जोडून आली तेव्हा पहाटेच निघालो. मस्कतहून सूर शहर सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. कुरियात गावापासून पुढे रुंद रस्ता समुद्राला धरून जातो. उजव्या हाताला उघडे, करडे डोंगर, झाडाचे नाव नाही. डाव्या हाताला निळे पाणी. आपल्या कोकणात डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये नारळी-पोफळी असतात, इथे नुसते दगड. पण एखाद्या घळीत पाणी झिरपते आणि तेवढ्यापुरती खजुराची हिरवी पट्टी दिसते. अशा घळीला तिथे 'वादी' म्हणतात.

वाटेत बिम्मा इथे एक नवल पाहिले. सपाट जमिनीत एकदम खड्डा आणि खाली हिरवट निळे पाणी. स्थानिक लोक त्याला 'हवियत नजम' म्हणतात. आकाशातून तारा पडून हा खड्डा झाला, अशी त्यांची आख्यायिका. खरे कारण निराळे आहे. हा सगळा चुनखडीचा प्रदेश. जमिनीखालच्या पाण्याने चुनखडी विरघळत जाते, आत पोकळी तयार होते आणि एक दिवस वरचे छप्पर कोसळते. आख्यायिका ऐकायला गोड असते, पण कारण कळले की पाहण्याचा आनंद वाढतोच. उतरायला पायऱ्या आहेत. पाण्यात पाय सोडले की बारीक मासे बोटांना चावे घेतात. आमचा सुतार लहान पोरासारखा हसत होता.

पहिला मुक्काम फिन्स गावाजवळच्या पांढऱ्या किनाऱ्यावर केला. ओमानमध्ये असे मोकळे किनारे पुष्कळ आहेत. तिथे ना फाटक, ना तिकीट. शेजारी एक ओमानी कुटुंब उतरले होते. त्यांची पोरे आमच्या तंबूची दोरी ओढून पाहत होती. अंधार पडल्यावर त्यांच्याकडून खजूर आणि किटलीभर कॉफी आली. आम्ही डाळ-भात आणि कांद्याची भजी पाठवली. त्यांच्यातल्या आजोबांना मोडके हिंदी येत होते. कोण, कुठले, घरी मुले किती, एवढेच त्यांनी विचारले. हुद्दा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सूर. शेकडो वर्षांपासून लाकडी गलबते बांधणारे हे बंदर. त्यासाठी लागणारा साग आपल्या मलबार किनाऱ्यावरून येत असे. १९५१ साली इथे बांधलेले 'फतह अल-खैर' हे मोठे गलबत आता किनाऱ्यावर जपून ठेवले आहे. गलबतांच्या कारखान्यात लाकडावर रंधा मारणारे दोन कारागीर आपल्याच देशातले निघाले. आमच्या सुताराने फळीच्या सांध्यावरून हात फिरवला आणि बराच वेळ तिथून हलला नाही. ओमानशी आपला संबंध तेलाच्या पैशाने सुरू झाला असे आपण समजतो. प्रत्यक्षात आपले लाकूड, आपले कापड आणि आपले हात फार पूर्वीपासून या किनाऱ्यावर येत आहेत.

सूरच्या पुढे रस अल हद्द हे अरबस्तानच्या भूमीचे पूर्वेचे टोक. तिथे ओमानचे आखात संपते आणि अरबी समुद्र सुरू होतो. जवळच्या रस अल जिन्झ इथे हिरव्या समुद्री कासवांचे राखीव क्षेत्र आहे. मादी रात्री वाळूवर येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि पाण्यात निघून जाते. सुमारे दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात आणि आपली आपण समुद्राकडे धावतात. मोठी झालेली मादी अनेक वर्षांनी, हजारो मैल पोहून, आपण जन्मलो त्याच भागात अंडी घालायला परत येते. रात्री वाटाड्याशिवाय त्या किनाऱ्यावर जाता येत नाही, कारण दिव्याच्या उजेडाने पिले वाट चुकतात. रात्रीची फेरी आमच्या हिशेबात बसत नव्हती, म्हणून पुढे निघालो. मेकॅनिक एवढेच म्हणाला, "कासवाला बरे, रजेचा अर्ज करावा लागत नाही."

अल अश्खरा हे कोळ्यांचे गाव. तिथे मोठी सुरमई घेतली. इथून दक्षिणेला रस्ता समुद्राच्या कडेने जातो आणि उजवीकडे वाळूचे डोंगर सुरू होतात. हे वहिबाचे वाळवंट. आता त्याला शरकिया सँड्स म्हणतात. उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ८० किलोमीटर. १९८६ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी इथे येऊन त्याचा बारकाईने अभ्यास केला. वाळवंट म्हणजे मेलेली जमीन नव्हे. समुद्रावरून येणारे धुके आणि रात्रीचे दव यांवर इथली झुडपे आणि कीटक जगतात. वाळवंटाच्या पूर्व कडेला 'घाफ' नावाच्या झाडांची रानेच आहेत. हे घाफ म्हणजे आपली शमी. तिची मुळे फार खोल जाऊन पाणी शोधतात. दुष्काळी मुलखातून आलेल्या माणसाला हे झाड पाहून घरचे कोणी भेटल्यासारखे वाटते.

मुख्य रस्ता सोडून वाळूत शिरण्याआधी एका बदू म्हाताऱ्याने हात करून थांबवले. समोर पांढुरकी सपाट जमीन होती. तो म्हणाला, "सबखा, सबखा." ही खारवट चिखलाची जमीन. वरून पापुद्रा वाळलेला, खाली दलदल. गाडी त्यात गेली तर रुतून बसते. त्याने पुढे चालून कोरड्या वाळूची वाट दाखवली. चाकांतली हवा अर्धी कमी करून आम्ही त्याच्या मागे गेलो. टायर पसरट झाले की वाळूत रुतत नाहीत, हे आमच्या ड्रायव्हरांना ठाऊक होते. जमीन मात्र त्या म्हाताऱ्याला ठाऊक होती.

ती रात्र सांगण्यासारखी. मागे वाळूची टेकडी, पुढे लाटा, मध्ये आमचे दोन तंबू. दिवे कुठेच नाहीत, त्यामुळे आकाश ताऱ्यांनी भरलेले. सुरमईचे तुकडे कोळशावर भाजले. थंडी वाढली, पांघरुणे दवाने भिजली. वायरमन म्हणाला, "आपण कॅम्पात झोपतो तेव्हा वरच्या खाटेची फळी दिसते." त्यावर कोणी हसले नाही.

जवळच्या झोपड्यांतून चार बांगलादेशी कोळी शेकोटीला येऊन बसले. दुसऱ्याच्या होडीवर मासे धरायचे आणि वाटा घ्यायचा, हे त्यांचे काम. हौसेने इथे येणाऱ्यांसाठी हा किनारा सुट्टीचा, त्यांच्यासाठी बारा महिन्यांचा. त्यांच्यापैकी एकाने विचारले, करार संपल्यावर मालक बदलायचा असेल तर जुन्या मालकाचा ना-हरकत दाखला लागतो का? आम्ही सांगितले, ती अट ओमान सरकारने १ जानेवारी २०२१ पासून काढून टाकली आहे. करार संपला आणि कागद नीट असले तर दाखल्याविना दुसरीकडे जाता येते. त्याला हे ठाऊक नव्हते. जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे, हेही पुष्कळ कामगारांना माहीत नसते. कॅम्पातल्या भिंतींत प्रत्येक जण आपापल्या खाटेवर मोबाइल घेऊन एकटा असतो. शेकोटीभोवती माणसे बोलू लागतात आणि विचारू लागतात. अर्ज आणि पत्रे लिहून देण्याचे काम आम्ही बरीच वर्षे करीत आहोत, पण एवढे मोकळे प्रश्न कधी कोणी विचारले नव्हते.

तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावरचा आपला कचरा पिशवीत भरला, राख वाळूत पुरली आणि इब्रामार्गे मस्कत गाठले. मेकॅनिकच्या मोबाइलमध्ये दोनशे फोटो होते. वाळूवर खेकड्यांनी रचलेले मनोरे त्याने सर्व बाजूंनी टिपले होते. मुलीसाठी, म्हणाला.

आखातात असलेल्या ज्या बांधवांना असे जावेसे वाटेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस निवडा. एकटी गाडी वाळूत नेऊ नका, दोन असाव्यात. माणशी रोज पाच लिटर पाणी धरा आणि वर थोडे जास्त ठेवा. हवा भरायचा पंप, फावडे आणि दोर सोबत असू द्या. रात्री रस्त्यावर उंट येतात, म्हणून अंधार पडण्याआधी मुक्काम गाठा. झाड तोडू नका, सरपण घरून न्या. शहराच्या हद्दीत तंबूचे नियम वेगळे असतात, ते आधी विचारा. आपले ओळखपत्र जवळ ठेवा.

आणि गावाकडच्या आयाबहिणींना एक विनंती. तुमचा माणूस दोन दिवस कुठे फिरून आला असे कळले तर पैशाचा हिशेब विचारण्याआधी त्याने काय पाहिले ते विचारा. ज्या देशाच्या इमारती त्याने बांधल्या, ज्या घरांत त्याने थंड हवा खेळवली, त्या देशाचा समुद्र आणि आकाश पाहण्याचा त्यालाही हक्क आहे. पैसे पाठवणारे यंत्र म्हणून राहिलेला माणूस घरी परततो तेव्हा त्याच्याजवळ सांगायला काही उरत नाही. जो चार गोष्टी पाहून येतो तो मुलांना जग दाखवू शकतो. आमच्या मित्राच्या मुलीने शाळेत ओमानवर निबंध लिहिला. त्यात घाफचे झाड आहे, कासव आहे, चिखलाची वाट दाखवणारा म्हातारा आहे. बावीस रियालमध्ये याहून मोठी भेट आखातातून पाठवता येईल असे आम्हाला वाटत नाही.