पाऊणकी

वडिलांनी मागे ठेवलेल्या वस्तूंची यादी अर्ध्या पानात संपते. आम्हां भावंडांच्या वाट्याला खरे आले ते अलिबागच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले एक गणित: तिथीची पाऊणपट करावी, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. दोन्ही पक्षांत हाच हिशेब, आणि पुढे सुमारे सहा तासांनी ओहोटी. पाऊणकी आम्ही पाठ केली ती शाळेसाठी नव्हे, यासाठी.

कुलाबा किल्ल्यात चालत जायचे तर मात्र नुसती वेळ कळून भागत नाही. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. पाणी फार चढत नाही, तसे पुरते उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ते जितके वर येते तितकेच दूर जाते. साहित्याने यांतले उधाण तेवढे उचलले. ते आनंदाला येते, उत्साहाला येते, कशालाही येते. भांग आमच्या वाचनात तरी क्वचितच आला. वडिलांना नेमका तोच शब्द प्रिय. आमचा निकाल बेताचा लागला, घरात पैशांची ओढाताण झाली, की "सध्या भांग आहे" एवढेच म्हणत आणि कामाला लागत.

१९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्यांच्या पत्रांवर शेवटपर्यंत 'जि. कुलाबा'च राहिले, आणि पत्रे बिनचूक पोचत (हे टपालखात्याचे मोठेपण).

भरतीच्या वेळा आता फोनवर मिनिटांसकट मिळतात. आम्ही त्या पाहतो, मग पंचांग काढून पाऊणकी करतोच. थोडा फरक पडतो.