पलटणीचे नाव

वसतिगृहातील माझा मित्र मोबाईलवर युद्धाचा एक खेळ खेळतो. त्यात प्रत्येक पलटणीला नाव द्यायचे असते. इंग्रजी वाङ्मय हा त्याचा विषय. म्हणून त्याच्या पलटणी झ्यूस, अथीना आणि युद्धदेव एरीस. मी सिंदखेडराजाकडचा. म्हटले, आपले देव काय कमी आहेत? आपल्या देशानेही हेच केले. १९८८ साली 'पृथ्वी' क्षेपणास्त्राची पहिली चाचणी झाली, १९८९ साली 'अग्नी'ची. रणगाडे 'अर्जुन' आणि 'भीष्म'. भीष्म तर इच्छामरणी!

माझ्या पलटणी झाल्या खंडोबा, म्हसोबा, मारुती. चौथीला मी मोठ्या भावाचे नाव दिले. तो सैन्यात आहे. माझी फी त्याच्याच पगारातून भरली जाते.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी खेळत होतो. माय शेजारी येऊन बसली. तिला वाचता येत नाही, म्हणून मी नावे वाचून दाखवली. ती म्हणाली, "देवाचं नाव ठेव बापा, पोराचं नको ठेवू."

मी हसलो. खेळात खंडोबा तीनदा पडला आणि तीनदा उभा राहिला. चौथ्या पलटणीला मात्र मला पुढे धाडवेना. ती तळावरच राहिली आणि मी हरलो.

पलटणींना देवांची नावे का देतात, हे तेव्हा उमगले. देव मरत नाहीत.

रात्री भावाला फोन लावला, लागला नाही. सकाळी त्याचाच आला. खेळाविषयी मी काही बोललो नाही.