काकूंची संध्याकाळची फेरी

टिळकांचं जन्मघर, रत्नदुर्ग आणि पतितपावन मंदिर एका सकाळी उरकलं. उरलेली रत्नागिरी मी काकूंच्या मागे मागे हिंडून पाहिली, आणि तीच जास्त आवडली.

काकू म्हणजे ज्यांच्या माडीवर मी उतरलो होतो त्या. दिवेलागणीला त्यांनी खुंटीवरचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि म्हणाल्या, ‘‘चला, येताय का? दिवे लावून येऊ.’’ आळीतली सात घरं त्यांच्या ताब्यात आहेत. मालक मुंबईला, ठाण्याला, एक थेट दुबईला. काकू प्रत्येक कुलूप काढतात, खिडक्या उघडून कोंदट वास बाहेर घालवतात, देवापाशी निरांजन लावतात आणि पडवीतला दिवा चालू ठेवून बाहेर पडतात.

‘‘चोराला वाटायला हवं, घरात माणसं आहेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चोर तरी कुठला राहतोय इथे म्हणा! तोही गेला असेल मुंबईला.’’

घरं जांभ्या दगडाची, ऐसपैस. भिंतीवरची कॅलेंडरं गणपतीच्या महिन्यावर थांबलेली. कौलं चाळायला माणूस मिळत नाही म्हणून तीन घरांवर निळा पत्रा आलाय. तो मला अजिबात बघवत नाही, पण पावसाळ्यात खाली बादल्या मला थोड्याच ठेवायच्या आहेत! चौथ्या घरी काकू झोपाळ्यावर टेकल्या. ‘‘हे माझ्या मैत्रिणीचं. आता डोंबिवलीला असते, दोन खोल्यांत. झोपाळा लावायला जागा नाही म्हणते.’’ दोन झोके घेऊन उठल्या आणि जाता जाता झोपाळ्याच्या कड्यांना तेल घातलं.

२००१ ते २०११ या काळात महाराष्ट्राची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली, रत्नागिरी जिल्ह्याची मात्र सुमारे ८० हजारांनी घटली. २०११च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. बाहेर असल्या आकड्यावर मुली वाचल्याचा आनंद मानतात; इथे त्याचा अर्थ मुलगे गेले, एवढाच. त्या फेरीत आम्हांला भेटलेला एकमेव तरुण पुरुष नेपाळचा होता, शेजारच्या आंबाबागेचा राखणदार. मोहोर धरल्यापासून तो वानरांच्या मागे बेचकी घेऊन धावतोय. काकूंना ‘आई’ म्हणतो आणि वानरांना अस्सल रत्नागिरी शिव्या देतो. मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवरही त्याच्या देशाचे खलाशी आहेत.

जेवताना कुयरीची भाजी वाढत काकूंनी विचारलं, ‘‘थिबा पॅलेस पाहिलात की नाही?’’ पाहिला होता. इमारतीपेक्षा तिचा मालक माझ्या डोक्यात राहिला. गावातला जो तो बाहेर पडतो, ब्रह्मदेशाच्या या राजाला मात्र बाहेर पडायची परवानगी नव्हती. १८८६ साली इंग्रजांनी त्याला इथे आणून ठेवलं, १९१० साली हा राजवाडा बांधून झाला आणि १९१६ साली तो इथेच गेला. थोरली राजकन्या मायदेशी जाऊनही परत रत्नागिरीलाच आली. तिची मुलगी टूटू मराठी बोलत, गरिबीत, इथेच म्हातारी झाली.

‘‘मे महिन्यात या,’’ काकू म्हणाल्या. ‘‘सातही घरं भरलेली असतात. पोरं, आंबे, रात्रभर पत्ते.’’

‘‘तुमची मग मजाच असेल.’’

‘‘माझी कसली? मी ज्याच्या त्याच्या हातात किल्ल्या देते आणि महिनाभर लेकाकडे बोरिवलीला जाते. त्या गर्दीत इथे राहवतं का माणसाला?’’