यात्रेचें मोल

‘फायनल फॅन्टसी टेन’ हा २००१ सालचा प्रदीर्घ जपानी व्हिडिओ-खेळ नुकताच पुरा झाला. त्यांतील युना ‘सिन’ नामक महाराक्षसाच्या नाशासाठीं यात्रेस निघते. यात्रेच्या शेवटीं तिला मरण आहे, हें सोबत्यांना ठाऊक असतें. फक्त टीडसला, आणि म्हणून आपणांसहि, तें फार उशिरां कळतें. शिवाय राक्षस कांहीं वर्षांनीं पुनः जन्मणारच! तें उमगतांच युना रूढीनें मागितलेलें बलिदान नाकारते. राक्षसाचा कायमचा नाश होतो. पण मुळांत स्वप्नरूप असलेला तिचा प्रियकर टीडस विरून जातो. व्यर्थ त्याग नाकारण्यासहि मोल पडतें, हें पुस्तकांत वाचलें असतें तर केवळ पटलें असतें. येथें तिला त्या वाटेनें पावलोपावलीं आपणच नेलेलें असतें. म्हणून तें जिव्हारीं लागतें.