हातचा एक

बेरीज करताना आपण 'हातचा एक' धरतो. हा हातचा वस्तुतः हातात नसून मनात असतो, आणि लहान मुलांच्या मनातून तो फार लवकर निसटतो. ऐकलेले क्षणभर धरून त्यावर काम करण्याच्या या शक्तीला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. बॅडले व हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिची मांडणी केली. ही ओंजळ मोठ्यांचीही लहानच. सहा-सात वर्षांच्या मुलाची तर फारच लहान. वाचन व गणित यांतील प्रगतीशी तिचे निकटचे नाते आहे, असे पुढील संशोधनात दिसून आले.

आमच्या जोयडा तालुक्यात कोणाच्या घरी कोकणी, कोणाच्या घरी मराठी आणि सरकारी व्यवहार कन्नडमध्ये. कन्नडमधील 'इप्पत्तैदु' म्हणजे आधी वीस, मग पाच. ऐकावे तसे लिहावे. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी कानी पडतात, पण लिहायचा असतो आधी दोनाचा अंक. तोवर पाच मनात धरून ठेवावे लागतात. म्हणून 'पंचवीस' ऐकून ५२ लिहिणाऱ्या मुलाला मंदबुद्धी ठरवणे हा अन्याय होय.

२०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनपद्धती आली, तेव्हा तिची पुष्कळ थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी दाक्षिणात्य भाषांचाच दाखला दिला होता. सीमेवरच्या आम्हांला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. तथापि 'पंचवीस' टाकून द्यावे, असेही आम्ही म्हणणार नाही. बाजारात आणि आजीच्या तोंडी तोच शब्द आहे. मुलाला आधी 'वीस आणि पाच' उमगावे, मग 'पंचवीस' अंगवळणी पडावे.

जुन्या पंतोजींच्या पाढ्यांचे, पावकी-निमकीचे मोलही येथेच कळते. जे पक्के मुरले ते ओंजळीत धरावे लागत नाही. ती जागा नव्या विचाराला मोकळी होते. छडीचे समर्थन मात्र यातून निघत नाही, कारण भीतीनेही ओंजळ सांडते.

पालकांना आमची एवढीच विनंती, की "वही काढ, तारीख घाल, तिसरे उदाहरण सोडव" अशा आज्ञा एका दमात देऊ नयेत. एक पूर्ण झाल्यावर दुसरी सांगावी. बोटांवर मोजणाऱ्याला दटावू नये. हातचा कोपऱ्यात लिहू द्यावा. 'याचे लक्षच नसते' असे म्हणण्यापूर्वी आपण त्या चिमुकल्या ओंजळीत एका वेळी किती ओतले, हे पाहावे.