पहाटेची पिवळी बस

न्यू ऑर्लीन्सला पहिल्या दिवशी मला जाग आली ती जाझच्या सुरांनी नव्हे, तर बसच्या ब्रेकच्या किंचाळीने! खिडकीतून पाहतो तो अंधारात दप्तरे पाठीला लावून सात-आठ मुले उभी. तीन तऱ्हांचे गणवेश. एक पिवळी बस आली, मग दुसरी, मग तिसरी, आणि एका गल्लीतली पोरे तीन दिशांना पांगली. कोपऱ्यावर शाळेची थोरली इमारत होती. तिला मात्र टाळे!

"शेजारची शाळा सोडून मुले लांब कशाला जातात हो?" मी घरमालकीणबाईंना विचारले.

"आईबापांनी निवडलीय ना!" बाई म्हणाल्या. त्या पूर्वी त्याच कोपऱ्यावरच्या शाळेत शिकवीत.

29 ऑगस्ट 2005 रोजी कॅटरिना वादळ आले, बांध फुटले आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. पाठोपाठ शाळांतील सुमारे 7,500 नोकरांना काढून टाकण्यात आले. बाई त्यांतल्याच एक. शाळांची अवस्था आधीही वाईटच होती, हे त्याही कबूल करतात. राज्याने शंभरावर शाळा ताब्यात घेतल्या आणि हळूहळू 'चार्टर' मंडळांकडे सोपविल्या. पैसा सरकारचा, फी नाही, कारभार मंडळाचा. वाचकांना आपल्या अनुदानित शाळा आठवतील; पण येथे करार मोजक्या वर्षांचा, आणि निकाल घसरला की शाळाच बंद! असा कायदा प्रथम मिनेसोटाने 1991 साली केला. न्यू ऑर्लीन्समध्ये 2019 पर्यंत एकूण एक सरकारी शाळा चार्टर झाली. पालकांनी पसंतीक्रम लिहून द्यायचा, मुलाची शाळा संगणक ठरविणार. 2024 साली मात्र शिक्षण मंडळाने पुन्हा स्वतःची एक शाळा उघडली.

दुपारी बाईंनी मला विल्यम फ्रान्झ शाळा दाखविली. 14 नोव्हेंबर 1960 रोजी सहा वर्षांची रूबी ब्रिजेस ही काळी मुलगी, घराजवळच्या या गोऱ्यांच्या शाळेत सरकारी पहाऱ्यात शिरली होती. बाहेर मोठी माणसे तिच्यावर ओरडत होती. आता त्याच इमारतीत चार्टर शाळा भरते.

परतताना मी म्हणालो, "निकाल तर सुधारले म्हणतात."

"सुधारलेच. माझी नात शिकतेय ना! पण पूर्वी पोर दोन दिवस दिसले नाही की मी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन थडकत असे. आता तिच्या बाईंना आमची गल्ली तरी ठाऊक असेल का?"

मला उत्तर सुचले नाही. तेवढ्यात पिवळी बस थांबली. नात पेंगुळलेली उतरली आणि दप्तर आजीच्या हाती देऊन मुकाट्याने घरात गेली.